बाईसाहेबांची जागा

आर्डव्हेनन,
४ ऑगस्ट १९६३

प्रिय जॉस,

बुधवारी रेडिओवर बातमी लागली तेव्हा मी फर्गस मॅक्रेच्या पायाची पट्टी बदलत होते. कायद्यावर राणीची मोहोर उमटली म्हणे. ज्या बायकांकडे घराण्याची पदवी चालत आली आहे, त्यांनाही आता लॉर्ड्सच्या सभागृहात बसता येणार. फर्गस कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे सिस्टर, आता तुम्हाला वाकून सलाम करायचा का?" मी म्हटलं, "आधी पाय सरळ कर."

घरी येऊन चहा केला आणि तो गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. बाबा गेले एकतीस साली. मुलगा नाही, म्हणून आमच्या स्कॉटलंडच्या रिवाजाप्रमाणे पदवी थोरल्या मुलीकडे आली. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी चौदावी लेडी आर्डव्हेनन आहे. या बत्तीस वर्षांत मला पदवीतून काय मिळालं? पाकिटावर एक जास्तीचा शब्द, आणि गळक्या छपराचं एक मोठं घर. ते मी शाळेला दिलं आणि स्वतः बागेतल्या माळीबाबाच्या दोन खोल्यांत राहिले. सभागृहात जाऊन बसायचा हक्क तेवढा मिळाला नाही, कारण मी बाई. तू माझा आतेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तुझे वडील गेले आणि महिन्याभरात तू लॉर्ड थॉर्नसेट होऊन तिथे जाऊन बसलास. मला त्याचा हेवा वाटला हे तुला माहीत आहे. पण आनंदही तितकाच झाला, हेही तुला माहीत आहे.

लहानपणी उन्हाळ्यात तू इथे यायचास तेव्हा 'म' आला की तुझी गाडी अडायची. 'मार्सली' म्हणून हाक मारेपर्यंत मी टेकडीवर पोचलेली असायचे. आणि तोच तू चोवीस वर्षं त्या सभागृहात बोलतो आहेस. शाळेतल्या मुलांच्या दुधावरचं तुझं भाषण, हेरिंग मासे पकडणाऱ्यांवरचं, युद्धानंतरच्या घरांवरचं, तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. तिथे उभा राहिलो की जीभ आपोआप सुटते, असं तू लिहिलं होतंस. देव पावला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता माझा प्रश्न. मी यावं का? कारण पदवीची हौस नाही. आमची बोट बंद होते आहे. 'मोर्वा' आठवड्यातून तीनदा पलीकडच्या बंदराला जाते, तिथून रेल्वे मिळते, तिथेच दवाखाना आहे. एप्रिलनंतर ती परवडत नाही, असं कंपनी म्हणते, आणि सरकार म्हणतं की रस्ता आहे ना. रस्ता आहे सत्तर मैलांचा, एका गाडीपुरता, आणि जानेवारीत तो बर्फाखाली असतो. माझ्याकडे साडेतीनशे माणसं आहेत, जॉस. त्यांतल्या निम्म्यांना मीच जगात आणलंय. त्यांच्याबद्दल तिथे कुणीतरी बोलायला हवं.

तू शिकवलंस तर मी बोलेन. आयुष्यात मी फक्त आजाऱ्यांवर आणि शेळ्यांवर ओरडले आहे.

तुझी,
मार्सली

•

लंडन,
११ ऑगस्ट १९६३

प्रिय मार्सली,

माझ्या घरकामवाल्या मिसेस पॅजेट यांनी तुझं पत्र अंड्याच्या बशीखाली ठेवलं होतं. त्यामुळे तुझा बत्तीस वर्षांचा संताप पिवळ्या डागासह पोचला. मनापासून अभिनंदन. तुझ्यावर अन्यायच झाला होता.

पण खरं सांगू? येऊ नकोस.

तुला वाटतं तशी ती जागा नाही. लाल गाद्यांच्या बाकांवर म्हातारे डुलक्या काढतात. माझ्या मागे एक माजी सेनापती बसतात, कानाला कर्णा लावून. कंटाळा आला की ते कर्णा खाली ठेवतात, त्यावरून भाषण किती रंगलं ते कळतं. बायकांची स्वच्छतागृहं कुठे करायची यावर गेली पाच वर्षं एक समिती विचार करते आहे. दोन दिवस प्रवास, दोन दिवस तिथे, दोन दिवस परतीला, आणि इकडे तुझ्या एखाद्या बाळंतिणीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तुझी जागा आर्डव्हेननमध्ये आहे. तिथे तू नसलीस तर माणसं मरतील. इथे मी नसलो तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

बोटीचं मात्र माझ्यावर सोपव. नोव्हेंबरात नवं अधिवेशन सुरू होतंय. मी उभा राहीन आणि बोलेन. चोवीस वर्षांचा सराव आहे, त्याचं काय लोणचं घालायचं? तू मला सगळी माहिती पाठव: किती माणसं, किती फेऱ्या, रस्ता किती दिवस बंद. बाकीचं मी बघतो.

तुझा,
जॉस

•

आर्डव्हेनन,
२० ऑगस्ट १९६३

प्रिय जॉस,

पत्र वाचून आधी रागच आला. बायकांनी घरी बसावं हे ऐकायला मला लंडनहून तिकीट लावलेलं पत्र कशाला हवं, ते तर इथला पाद्री रविवारी फुकट सांगतो. पण दुसऱ्या दिवशी कॅमरनांच्या धाकटीला घटसर्पाची शंका आली, दोन रात्री तिच्या उशाशी काढल्या, आणि तुझं म्हणणं पटलं. मला इथून हलता येत नाही.

तेव्हा तू बोल. माहिती सोबत पाठवते आहे. गेल्या हिवाळ्यात रस्ता एकेचाळीस दिवस बंद होता. बोट फक्त चार वेळा चुकली.

तू आहेस म्हणून बरं आहे.

मार्सली

•

लंडन,
२८ नोव्हेंबर १९६३

प्रिय मार्सली,

काल बोललो. अठरा मिनिटं.

सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. मी सुरुवात तुझ्या एकेचाळीस दिवसांपासून केली. म्हटलं, "लंडनमध्ये एकेचाळीस मिनिटं गाडी उशिरा आली तर वर्तमानपत्राला पत्रं जातात. या माणसांनी कुणाला पत्र लिहायचं, आणि ते पत्र नेणार कोण? कारण टपालही त्याच बोटीने जातं." इथे हशा पिकला, पण चांगला हशा. मग मी म्हटलं, "रस्ता आहे, असं सरकार सांगतं. सरकारने त्या रस्त्यावरून जानेवारीत एकदा जावं. सोबत एखादी नऊ महिन्यांची गरोदर बाई घ्यावी, म्हणजे रस्त्याची लांबी नीट मोजता येईल." त्यावर मंत्रिमहोदयांनी दोनदा मान हलवली. एका बिशपनी रुमाल काढला. कर्णेवाल्या सेनापतींनी शेवटपर्यंत कर्णा खाली ठेवला नाही.

काय होईल ते सांगता येत नाही, पण ऐकून घेतलं गेलं एवढं नक्की. पूर्ण भाषण सोबतच्या पानांवर उतरवून पाठवतो आहे.

तुझा,
जॉस

•

आर्डव्हेनन,
१९ डिसेंबर १९६३

जॉस,

तुझं भाषण मी शाळेच्या दिवाणखान्यात वाचून दाखवलं. साठेक माणसं आली होती. गरोदर बाईच्या वाक्याला बायका इतक्या हसल्या की मला थांबावं लागलं. शेवटी फर्गस मॅक्रे दुखऱ्या पायावर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. तो कुणासाठी टोपी काढत नाही.

दहा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. शेवटची फेरी ३० एप्रिलला. भाषणाचा उल्लेखसुद्धा नाही. मला वाटलं, यांच्यापर्यंत ते पोचलं नसावं. म्हणून मी इनव्हरनेसच्या वाचनालयातल्या मिस टुलॉख यांना लिहिलं, की सभागृहाच्या छापील वृत्तांतातून लॉर्ड थॉर्नसेट यांचं २७ नोव्हेंबरचं भाषण उतरवून पाठवा. म्हणजे कंपनीच्या तोंडावर मारता येईल.

त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते.

"त्या दिवशी लॉर्ड थॉर्नसेट यांचं भाषण झालेलं नाही. माझी पाहण्यात चूक होत असेल म्हणून १९३९ पासूनची सूची तपासली. भाषण एकही नाही, प्रश्नही नाही. त्यांचं नाव फक्त एकदा आढळलं, १९४९ साली. घराण्याची पदवी असलेल्या बायकांना सभागृहात घ्यावं, असा ठराव आला होता. त्याच्या विरोधात मत दिलेल्यांच्या यादीत ते आहे."

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग तुझी सगळी जुनी पत्रं काढली. दूध, हेरिंग, घरं. तुझं भाषण ऐकायला मी दोनदा लंडनला आले होते. दोन्ही वेळा ऐनवेळी विषय पुढे ढकलला गेला, आणि तू मला नदीवर फिरायला नेलंस.

खोटं बोललास ते एकवेळ बाजूला ठेवते. पण त्या मतदानाच्या आठवड्यातच तू मला लिहिलं होतंस, "दिवस फिरतील, धीर धर." ते लिहिताना तुझा हात कसा चालला?

आणि गावाला मी आता काय सांगू?

उत्तर देणार असलास तर खरं दे. नाहीतर देऊ नकोस.

मार्सली

•

आर्डव्हेनन,
२१ जानेवारी १९६४

जॉस,

महिना झाला, तुझं पत्र नाही. मीही वाट बघत नव्हते. हे कळवायचं म्हणून लिहिते.

नऊ तारखेला पेगी मॅकिनसच्या पोटात मूल आडवं झालं. चोविशीची पोर, पहिलीच खेप. मला हाताने फिरवता येईना. रस्ता सहा दिवसांपासून बंद. नशिबाने तो गुरुवार होता, बोटीचा वार. चार जणांनी घराचं दार उखडून तिला त्या फळीवर निजवलं आणि धक्क्यापर्यंत आणलं. कप्तानाने टपालाच्या गोण्या बाजूला फेकून तिला जागा करून दिली. वारा समोरून. तीन तास तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं, वळ अजून आहेत. मधेच म्हणाली, "सिस्टर, शुक्रवारी कळा आल्या असत्या तर?" मी म्हटलं, "बोलू नकोस, श्वास घे." उत्तर नसलं की नर्स हेच सांगते.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी ठरवलं.

मी अर्ज केला होता, त्यावर सरकारी आज्ञापत्र आलं आहे. पाच फेब्रुवारीला येऊन शपथ घेणार. ४ मार्चला डोंगराळ भागातल्या दळणवळणावर चर्चा आहे, त्यात नाव दिलंय. एडिनबर्गहून एक निवृत्त नर्स माझ्या जागी यायला तयार झाली आहे. हे बत्तीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली.

तू तिथे असलास तरी चालेल, नसलास तरी चालेल.

मार्सली

•

लंडन,
२६ जानेवारी १९६४

प्रिय मार्सली,

डिसेंबरपासून या पत्राचे नऊ मसुदे शेकोटीत गेले. त्यांतले काही फार सुंदर होते. म्हणूनच जाळले.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. त्या सभागृहातलं प्रत्येक भाषण 'माय लॉर्ड्स' या दोन शब्दांनी सुरू होतं. तशी पद्धतच आहे. सुरुवातच 'म'ने.

जून १९३९. शाळेतल्या दुधाचा विषय होता. माझं भाषण पाठ होतं, आरशासमोर वीस वेळा म्हटलेलं. उभा राहिलो. ओठ मिटले ते उघडेनात. समोर शंभर एक चेहरे. किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले आणि बोलू लागले. मी चुकून उभा राहिलो असं त्यांना वाटलं असावं, किंवा त्यांना माझी दया आली असावी. मी खाली बसलो. वृत्तांतात काही आलं नाही, कारण यायला काही नव्हतंच.

त्या संध्याकाळी मी तुला ते भाषण लिहून पाठवलं, जसं झालं असतं तसं. खरं काय घडलं ते पुढच्या पत्रात लिहिणार होतो. पण त्याआधी तुझं उत्तर आलं. तू लिहिलं होतंस की तू ते आत्याला, माझ्या आईला, वाचून दाखवलंस आणि ती रडली. तिचे शेवटचे महिने होते ते, तू तिची शुश्रूषा करत होतीस. मार्सली, माझ्या बोलण्याने कुणाला आनंद झाला असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग हेरिंग आलं, घरं आली. कागदावर मी अडखळत नाही.

एकोणपन्नासचं सांगतो. त्याला कसलीच सबब नाही. ठराव मंजूर झाला आणि पुढे कायदा आला, तर तू इथे येणार. येऊन समोर बसणार आणि मला वर्षानुवर्षं गप्प बसलेला बघणार. मत द्यायला बोलावं लागत नाही, नुसतं एका दारातून चालत जायचं असतं. मी चालत गेलो. माझी लाज झाकायला मी तुझी वाट अडवली. त्यानंतर तुला धीर धरायला सांगितलं, कारण तू धीर धरलास तर माझं बरं चालणार होतं.

आणि बोटीचं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की या वेळी जमेल. २७ नोव्हेंबरला भाषण खिशात घेऊन मी चार तास बसलो. उठलो नाही. रात्री घरी येऊन तुला बिशपचा रुमाल लिहिला. पेगीबद्दल वाचल्यापासून मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

माफी मागत नाही, कारण तू ती लगेच द्यावीस असं मला वाटत नाही. तू मात्र ये. तुला येऊ नकोस म्हणालो, ते सगळ्यात मोठं खोटं होतं.

जॉस

•

आर्डव्हेनन,
१ फेब्रुवारी १९६४

जॉस,

पत्र मिळालं. खरं लिहिलंस, ते बरं केलंस.

माफ केलंय असं समजू नकोस. तोतरेपणाचं मला काही वाटत नाही, ते लपवलंस याचंही फारसं नाही. आत्याचं तर तू चांगलंच केलंस. ती त्या भाषणावर आठवडाभर जगली. पण चौदा वर्षं ही चौदा वर्षं असतात. मी तेव्हा चाळिशीची होते, आता पंचावन्नची आहे. ते पचायला मला वेळ लागेल. तोवर तू गप्प बसून मला वेळ दे. गप्प बसायचा तुला सराव आहेच.

गावाला मी सांगितलं. दिवाणखान्यात पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, मी वाचलेलं भाषण झालंच नव्हतं. मग फर्गस म्हणाला, "भाषण तर चांगलं होतं ना? मग कुणीतरी करून टाका."

तेव्हा तुझी पानं मी बरोबर घेऊन येते आहे. बिशप काढून टाकलाय.

मार्सली

•

इनव्हरनेसच्या गाडीत,
५ मार्च १९६४

प्रिय जॉस,

स्टेशनवर आपण दोघंही पावसापाण्याबद्दल बोलत राहिलो. म्हणून आता लिहिते. अक्षर गाडीमुळे असं येतंय.

तुला दारावरची गंमत सांगायची राहिली. फेब्रुवारीत मी शपथेला गेले तेव्हा कोटवाल्या द्वारपालाने अदबीने विचारलं, "बाईसाहेब, आपण कोणत्या लॉर्डसाहेबांच्या पत्नी? कुटुंबीयांची गॅलरी वर आहे." मी म्हटलं, "मी कुणाचीच पत्नी नाही. मी आर्डव्हेनन आहे." त्याने यादी बघितली आणि त्याचे कान लाल झाले. काल तोच धावत पुढे आला आणि म्हणाला, "आपली जागा गरम आहे बाईसाहेब, खाली पाइप जातो. मी मुद्दाम तीच ठेवली." तू इतकी वर्षं तिथे आहेस, पाइपचं मला सांगितलं नाहीस.

माझ्या बोलण्याचं काय ते तू ऐकलंसच. पहिलं मिनिटभर मी नुसती कागदातून वाचत होते. मग पेगीचं सुरू केलं आणि समोरचे सगळे आजारी आहेत असं समजून बोलत गेले. ते सोपं पडलं. नऊ मिनिटं झाली म्हणे. तुझं गरोदर बाईचं वाक्य मी घेतलं, आणि हसले ते, अगदी तू लिहिलं होतंस तसे.

खाली बसले आणि पुढचं नाव पुकारलं गेलं, लॉर्ड थॉर्नसेट. तू यादीत नाव घातलंयस हे मला ठाऊक नव्हतं. मागे वळून बघितलं तर तू उभा होतास, दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरून. ओठ मिटलेले.

मी घड्याळ बघितलं नाही, पण नाडी मोजायची सवय जात नाही. माझ्या नाडीचे चौऱ्याऐंशी ठोके. तो शब्द आपणच बोलून टाकावा असं मला इतकं वाटलं की मी हात मांडीखाली दाबून धरले. लहानपणी मी तुझे शब्द पुरे करायचे. आता कळतंय की तेही एक प्रकारे तुझ्या वाटेत येणंच होतं. कुणी खोकलं नाही. कुणी मधे उठलं नाही. तुझे ते सेनापती कर्णा पुढे करून बसले होते, जणू सकाळपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती.

आणि मग तो आला. "माय लॉर्ड्स." 'म' पाच-सहा तुकड्यांत आला, पण आला.

पुढचं मी कागदावर उतरवून ठेवलंय, कारण माझा आता छापील वृत्तांताशिवाय कशावर विश्वास नाही. तू म्हणालास, "नव्या सभासदाचं अभिनंदन करण्याचा मान पुढच्या वक्त्याला असतो. मीही आज नवाच आहे. मला इथे येऊन पंचवीस वर्षं होत आली." लोक हसले. तू थांबलास, पुन्हा अडलास, आणि म्हणालास, "माझ्या या मामेबहिणीला इथे येता येऊ नये म्हणून १९४९ साली मी मत दिलं होतं. ते चुकीचं होतं. ते मत या सभागृहाच्या नोंदीत आहे, तेव्हा हेही नोंदीत असू दे." मग बोटीबद्दल दोन वाक्यं. एकूण चार मिनिटं, त्यात निम्मा वेळ नुसता 'म'.

तू खाली बसलास तेव्हा आजूबाजूचे लोक बाकाच्या पाठीवर हलके हलके हात आपटत होते. मी काही केलं नाही. मला हात मांडीखालून बाहेर काढताच येईनात. मुंग्या आल्या होत्या.

जॉस, पचायला वेळ लागेल असं मी म्हटलं होतं. पर्थ स्टेशनच्या पुढे कुठेतरी ते पचलं.

गाडी थांबते आहे. सँडविच विकणारी बाई खिडकीशी आली आहे.

तुझी,
मार्सली

•

लंडन,
१४ एप्रिल १९६४

प्रिय मार्सली,

आधी बातमी. मंत्र्यांच्या कार्यालयातून आज पत्र आलं. तुलाही येईल, पण तुझं टपाल अजून बोटीत असेल म्हणून मी कळवतो. 'मोर्वा' पुढच्या एप्रिलपर्यंत चालू राहणार. तोवर तिघांची समिती येऊन पाहणी करेल आणि कायमची मदत द्यायची की नाही ते ठरवेल. पूर्ण विजय नाही. एका वर्षाची मुदत आहे. पण पेगीचं वाक्य त्यांनी पत्रात जसंच्या तसं घेतलंय: "शुक्रवारी कळा आल्या असत्या तर?" त्याला उत्तर सापडलं नाही, असं दिसतं.

समितीला वाट दाखवायला स्थानिक माहिती असलेला एक सभासद हवा होता. तू यजमान, म्हणून तुला घेता येत नाही. मी हात वर केला. ते म्हणाले, काही बोलावं लागेल. मी म्हटलं, वेळ लागेल. ते म्हणाले, बोटीत तीन तास आहेत.

आणखी एक. गेल्या बुधवारी मी पुन्हा उठलो. विषय होता मुलांच्या वाचादोषांवरच्या उपचारांचा. या वेळी 'म'ला बराच कमी वेळ लागला. मागून सेनापती म्हणाले, "जरा मोठ्याने." पंचवीस वर्षांत त्यांनी मला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. छापील वृत्तांताची प्रत सोबत आहे. मिस टुलॉख यांच्याकडून खात्री करून घे.

तुझा,
जॉस

•

आर्डव्हेनन,
९ मे १९६४

प्रिय जॉस,

खात्री करून घेतली. मिस टुलॉख लिहितात, "सूचीत आता दोन नोंदी आहेत. अभिनंदन कळवावे."

तुम्ही मंगळवारी येता आहात ते सगळ्यांना कळलंय. शाळेने वरच्या तीन खोल्या रिकाम्या केल्या आहेत. तू माझ्याकडे राहायचं. पलंग लहान आहे, पण तूही काही वाढलेला नाहीस. पेगी मुलीला घेऊन धक्क्यावर येणार आहे. मुलीचं वजन चांगलं भरतंय आणि आवाज तर समितीला पलीकडच्या काठावरून ऐकू जाईल. मी जूनमध्ये पुन्हा लंडनला येते आहे. एडिनबर्गच्या नर्सबाई म्हणतात, तुम्ही गेल्याशिवाय मला इथे कुणी काही विचारतच नाही. आडगावांतल्या नर्सेसना मोटार मिळावी, या विषयावर मी नाव दिलंय. पाइपवाली जागा माझी, हे द्वारपालाला सांगून ठेव.

हवा सध्या वाईट आहे, म्हणजे चांगली आहे. आकाश निळं, समुद्र तेलासारखा शांत. सगळं गाव हैराण झालंय. अशा पाण्यावरून समिती गाणी म्हणत येईल आणि रस्त्यानेही मजेत जाता येईल, असं लिहून मोकळी होईल. उद्या रविवारच्या प्रार्थनेत पाद्री वादळ मागणार आहेत. जन्मात पहिल्यांदाच फर्गस मॅक्रे देवळात जायला तयार झालाय.

मीही हात जोडणार आहे. फक्त मी देवाला सांगणार आहे की लाटा बेताच्या ठेव, बोटीत आमचा एक माणूस आहे. बोट लागू नये म्हणून खिशात आल्याची बिस्किटं असू देत.

तुझी,
मार्सली